शेरडांचं चुकलं काय? (वाचकांचे प्रश्न)

नोव्हेंबर आला की या सदराचं टपाल जरा वेगळं येतं. २ तारखेला ख्रिस्ती शेजारी सिमितेरीत जातात, थडगी धुवून फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, आपल्यातलेही कितीतरी जण त्यांच्याबरोबर जाऊन येतात आणि घरी आल्यावर डोक्यात प्रश्न सुरू होतात, की बाबा यांच्यात माणूस मेल्यावर पुढे काय. यंदा पाच पत्रं त्याच विषयाची आली म्हणून पावसाळी भाजीचा आणि पेन्शनचा प्रश्न पुढच्या अंकात घेतो. एक आधीच सांगून ठेवतो, मी फादर नाही आणि थिऑलॉजीची डिग्रीही माझ्याकडे नाही, मी मराठी शिकवून रिटायर झालेला माणूस. पण गोव्यात मराठी शिकवायचं म्हणजे क्रिस्तपुराण आलंच, १६१६ साली रायतूरला छापलेलं, इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स नावाच्या पाद्रीनं मराठी ओव्यांत सांगितलेलं, आणि ते शिकवता शिकवता शेजारी बायबल उघडं ठेवायची जी सवय लागली ती सुटली नाही. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देतोय.

प्रश्न : सर, शेजारच्या अंकलच्या फ्युनरलला इगर्जीत गेलो होतो. फादरनी वाचलं की शेवटच्या दिवशी राजा येणार, मेंढरांना उजवीकडे आणि शेरडांना डावीकडे करणार, आणि डावीकडच्यांना आग. आमच्या घरी तीन शेळ्या आहेत म्हणून विचारतो, हसू नका, शेळीनं काय घोडं मारलंय? आणि मेंढरं म्हणजे फक्त ख्रिश्चन काय?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : हसलो नाही. म्हणजे थोडा हसलो. पण प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे.

तुम्ही ऐकलंत तो भाग बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, २५वा अध्याय, ३१ ते ४६. शेळीनं तिथे काही म्हणजे काही केलेलं नाही. येशूच्या मुलखात मेंढ्या आणि शेळ्या एकाच कळपात चरायच्या, आणि मेंढपाळ त्यांना वेगळं करायचा, संध्याकाळी वगैरे, शेळीला थंडी जास्त बाधते म्हणून, असं भाष्यकार सांगतात. म्हणजे ऐकणाऱ्यांना ते रोजचं काम, आपल्याकडे दूध काढायच्या वेळेला वासरू बाजूला बांधतात तसं. शेळी अशुद्ध, असंही ज्यू शास्त्रात कुठे नाही, उलट वल्हांडणाच्या सणाचा बळी मेंढरांतून घ्या नाहीतर शेरडांतून घ्या, दोन्ही चालेल असं निर्गमच्या १२व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय.

आता खरी गंमत पुढे आहे. येशूच्या आधी काही शतकं यहेज्केल नावाचा संदेष्टा होऊन गेला, त्याच्या ३४व्या अध्यायात देव म्हणतो की मी माझ्या कळपात न्याय करणार, मेंढरा-मेंढरांत, एडक्यांत आणि बोकडांत. आणि तक्रार काय, तर तुम्ही चांगल्या कुरणात चरता ते चरता, वर उरलेला चारा पायांनी तुडवता, स्वच्छ पाणी पिता आणि उरलेलं गढूळ करून ठेवता, आणि दुबळ्या जनावरांना अंगानं, खांद्यानं, शिंगानं ढकलून बाहेर काढता. ज्यानं कुणी गोठ्यात दावण भरलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, एक तरी असतंच तसलं, दुसऱ्याच्या टोपलीत तोंड घालणारं. माझ्या मते मत्तयच्या गोष्टीमागे हेच आहे. जनावराची जात कुठली हा मुद्दाच नाही, शेजारच्या जनावराला खाऊ दिलं की नाही हा आहे.

म्हणून तर राजा, म्हणजे न्यायाला बसलेला येशू, विचारतो त्या फक्त सहा गोष्टी. भुकेला होतो, खायला दिलंत काय. तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. संपलं. किती नोवेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, इगर्जीला किती देणगी दिली, कुठला धर्म, यातलं एकही विचारत नाही. आणि दोन्ही बाजूंना धक्का बसतो बघा, उजवीकडचे म्हणतात आम्ही कधी दिलं तुला, डावीकडचेही म्हणतात आम्ही कधी नाही दिलं. डावीकडच्यांनी चोरी केली, खून केला असं तिथे काही नाही. त्यांनी काही केलंच नाही, हाच त्यांचा गुन्हा. कॅथलिक लोक मिसेच्या, म्हणजे इगर्जीतल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या, सुरुवातीला पापाची कबुली म्हणतात त्यात 'जे केलं' याच्यासोबत 'जे करायचं राहून गेलं' हेही असतं, ते यासाठीच.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला पंचवीस वर्षं वाचूनही दिसली नव्हती आणि एका म्हाताऱ्या फादरनी दाखवली. उजवीकडच्यांना राजा म्हणतो, जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी तयार केलेलं राज्य घ्या. डावीकडच्यांना म्हणतो, सैतानासाठी आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेल्या अग्नीत जा. म्हणजे आग माणसासाठी केलेलीच नव्हती. माणूस तिथे दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो.

मेंढरं म्हणजे फक्त ख्रिश्चन काय, यावर पंडितांचंच एकमत नाही. 'माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला जे केलंत ते मला केलंत' असं वाक्य आहे, त्यातले बंधू म्हणजे कोण? काही अभ्यासक म्हणतात बंधू म्हणजे येशूचे शिष्य, गावोगाव उपाशी फिरणारे, कारण याच पुस्तकात दहाव्या अध्यायात शिष्याला गार पाण्याचा पेला देणाऱ्याचं फळ बुडणार नाही असं आहे. दुसरे म्हणतात कुणीही गरीब, कुणीही लाचार. पहिल्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही, पण चर्चनं प्रत्यक्ष वागताना दुसरा अर्थ धरला असं मला वाटतं. या सहा कामांत मेलेल्याला मूठमाती देणं हे सातवं घालून त्यांनी शरीराची दयाकर्मं केली, मनाची आणखी सात, अशी एकूण १४, आणि जुन्या गोव्यात पोर्तुगिजांची मिझेरिकॉर्दिया म्हणून जी धर्मादाय संस्था होती ती या १४ कामांच्याच नावानं चालायची.

आणि आपल्या बाणावलीचे जुझे वाझ आहेतच की. १६५१चा जन्म. १६८७ साली वेश बदलून श्रीलंकेत घुसले कारण तिथे डचांनी कॅथलिकांवर बंदी घातलेली, कँडीच्या राजानं पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना डांबलं, पण १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळायला लागले, तेव्हा हाच माणूस त्यांना खाऊ घालत, जखमा धूत फिरला, रोगी कुठल्या धर्माचा हे न विचारता. २०१५ साली त्यांना संत जाहीर केलं. परका, तुरुंगात, आजारी, एकाच माणसाच्या आयुष्यात यादीतलं अर्धं येऊन गेलं, कधी या बाजूनं कधी त्या बाजूनं.

प्रश्न : आमच्यात माणूस गेला की चित्रगुप्ताची वही उघडते आणि हिशेब लगेच. माझ्या कॅथलिक मैत्रिणीची आई गेली, ती म्हणते न्याय जगाच्या शेवटी. मग तोपर्यंत आई कुठे असते? आणि न्याय व्हायचाच आहे तर दर महिन्याला मिस कशाला लावतात?
– एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : ताई, हा प्रश्न खुद्द पोपना पडला होता. चौदाव्या शतकात २२वे जॉन नावाचे पोप होते, त्यांनी प्रवचनात सांगितलं की चांगल्या माणसाच्या आत्म्यालाही देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होणार. झालं, मोठा गदारोळ, विद्यापीठातले पंडित तुटून पडले, आणि १३३४ साली मरणाच्या दारात असताना पोपनी आपलं म्हणणं मागे घेतलं. त्यांच्यानंतरच्या १२व्या बेनेडिक्टनी १३३६ साली कायमचा निकाल लावला, की माणूस मेला की त्याचा न्याय तेव्हाच होतो, थांबायची भानगड नाही. म्हणजे मैत्रिणीचंही खरं आणि तुमच्या चित्रगुप्ताचंही जवळपास खरं, कॅथलिक शिकवणीत न्याय दोन आहेत, एक ज्याचा त्याचा मेल्याबरोबर, आणि एक सगळ्यांचा एकत्र, शेवटी. फरक तो पुनर्जन्माचा. इब्री लोकांस पत्र म्हणून आहे त्यात लिहिलंय, माणसानं एकदाच मरायचं आणि मग न्याय. दुसरी फेरी नाही.

मग एकदा झालेला न्याय परत कशाला? याचं मला पटलेलं उत्तर थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताचं आहे, तेराव्या शतकातलं. तो म्हणतो माणूस मरतो पण त्याचं केलेलं मरत नाही, ते मुलांत, लोकांच्या आठवणीत, परिणामांत चालूच राहतं, म्हणून पूर्ण हिशेब सगळं संपल्यावरच लागणार. हे आपल्या गोव्यात बसवून बघा. एकानं डोंगर कापून विकला, तो बिचारा पैसे मोजून सुखानं गेला, आणि वीस वर्षांनी पावसात ती माती खाली कुणाच्या तरी पिढीजात शेतात येऊन बसली. त्याच्या मरणाच्या दिवशी हे वहीत कसं लिहिणार? आणि दुसरीकडे कुणा म्हातारीनं वाटेवर फणस लावला, तिला एक गरा मिळाला नाही, पण शाळेतून येणारी पोरं अजून खातात. तिचा आकडा अजून चढतोच आहे ना.

मिसेचं म्हणाल तर, ज्यांचा निकाल चांगला लागलाय पण अंगाला अजून धूळ आहे, त्यांच्यासाठी एक शुद्धीची अवस्था कॅथलिक मानतात, पर्गेटरी, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं त्यांना मदत होते असं मानतात. निकाल बदलायला मिस नाही, वाट सोपी व्हायला. प्रोटेस्टंट लोक हे मानत नाहीत, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा जो मोठा आधार देतात तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला, ते पुस्तकच त्यांच्या बायबलात नाही, त्यामुळे वाद तिथेच थांबतो. मैत्रिणीला हे सगळं सांगू नका मात्र, मिसेला तिच्याबरोबर जाऊन बसा.

(जाता जाता, हणजूणच्या किंवा ताळगावच्या सांत मिंगेलाच्या इगर्जीत कधी गेलात तर आठवा, या मिखाएल दूताला चित्रांत हातात तराजू देतात, आत्मे तोलायला. बायबलात तो तराजू त्याच्या हातात नाही, चित्रकारांनी दिला. आणि गोव्यातले कॅथलिक कोंकणीत नरकाला काय म्हणतात माहीत आहे? यमकोंड. देव बदलला, प्रार्थना बदलल्या, पण यमाची नोकरी काही गेली नाही.)

प्रश्न : एक प्रचारक बाई घरी आली होती. माझी आजी ९० वर्षांची. तिला सांगून गेली की तू तुळशीला दिवा लावतेस म्हणून तू नरकात जाणार. आजी दोन दिवस धड जेवली नाही. सगळ्या ख्रिश्चनांची हीच शिकवण काय? मला खरं उत्तर पाहिजे, गोडगोड नको.
– एक नातू, साखळी

उत्तर : आधी आजीला पेज द्या, वर खारातलं आंब्याचं लोणचं, मग हे वाचून दाखवा.

गोडगोड नको म्हणालात म्हणून सांगतो, ती बाई हे स्वतःच्या मनानं बोलली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात वाक्यं आहेत, विश्वास ठेवत नाही त्याचा न्याय होऊन चुकलाय अशी, आणि बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळ्या ती सरळ अर्थानं घेतात, त्यांना खरंच आजीची काळजी असते. कॅथलिक चर्चसुद्धा एकेकाळी असंच बोलायचं, १४४२ सालचा फ्लॉरेन्सच्या परिषदेचा हुकूम वाचला तर अंगावर काटा येतो. पण १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लिहून दिलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. यालाही पौलाच्या रोमकरांस पत्रात आधार आहे, दुसऱ्या अध्यायात, नियमशास्त्र माहीत नसलेल्यांच्या मनावरच ते लिहिलेलं असतं असं. आणि अजून एक, चर्चनं हजारो लोकांना संत म्हणून जाहीर केलं, म्हणजे हे नक्की स्वर्गात आहेत असं सांगितलं, पण अमका माणूस नक्की नरकात आहे असं आजवर एकाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचंसुद्धा नाही! ज्या यादीत यहूदाचं नाव घालायची चर्चची हिंमत झाली नाही त्या यादीत साखळीच्या आजीचं नाव ती बाई पाच मिनिटांत घालून गेली.

मला राग आला तो इथे. कारण याच मत्तयमध्ये, १३व्या अध्यायात, निदणाचा दृष्टांत आहे. शेतकऱ्यानं गहू पेरला, रात्री वैऱ्यानं येऊन त्यात निदण पेरलं. हे निदण म्हणजे साधं तण नव्हे, कणीस येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसणारं गवत असतं ते. आपल्याकडे भातात रानटी भात शिरतं ना, लावणीपासून पोटरीपर्यंत सारखंच, पात बघून जाणती कामेरीणही फसते, लोंबी बाहेर आली की मग कळतं, तसं. नोकर म्हणतात उपटून काढू काय, मालक म्हणतो नको, उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. कापणीलाही नोकरांना पाठवणार नाही, कापणारे वेगळे, देवदूत. म्हणजे निवडानिवड होणार यात शंका नाही ठेवलेली, फक्त ते काम आपल्याकडे दिलेलं नाही.

आणि हे न ऐकल्यावर काय होतं ते गोव्याइतकं कुणाला माहीत? जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलच्या जवळच, इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं नोकर शेतात उतरून निदण उपटत होते. बाटलेला खरा बाटला की नाही, घरात गुपचूप तुळस आहे काय, हे बघायला. त्याच शहरात, त्याच काळात, ती मिझेरिकॉर्दियाही होती, उपाशाला घालणारी. एकाच पुस्तकाची दोन पानं वाचून एकाच शहरात दोन घरं उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही, चौथ्या शतकातल्या जॉन क्रिझोस्टम या ख्रिस्ती धर्मगुरूनं याच दृष्टांतावर बोलताना सांगून ठेवलं होतं की पाखंड्यांची तोंडं बंद करा पण त्यांना मारू नका, प्रभूनं ते मना केलंय. (तोंडं बंद करा हे मला पटत नाही, पण चौथ्या शतकाच्या मानानं बरं.)

२१ ऑगस्टला ताळगावला कणसांचं फेस्त असतं, कधी आजीला घेऊन जा, चालवत असेल तर. वर्षाची पहिली कणसं कापून फादर आशीर्वाद देतात. आपण चवथीच्या दिवसांत नवं आणून दाराला बांधतो, तेच. भात तेच, कापणारे हात वेगळे. आजीला विचारा तिनं किती वर्षं दारात आलेल्याला जेवल्याशिवाय पाठवलं नाही. ती प्रचारक बाई आली तेव्हा तिलाही पाणी विचारलं असणारच, पैज लावतो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय, जगाच्या शेवटाची तारीख दिलीय, बायबलवरून हिशेब करून काढली म्हणतात. खरं काय?
– एक वाचक, कुडचडे

उत्तर : नाही. मार्क १३, ३२ वाचा, तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांना माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या माणसांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, शेतंभातं सोडून लोक वाट बघत बसले, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवाल्यानं आधी २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर. वीजबिल वेळेवर भरा.

प्रश्न : मी जन्मापासून डावखुरा. घरी ओरडा खाल्ला, देवळात तीर्थ डाव्या हातानं घेतलं म्हणून ओरडा खाल्ला, आता कळलं की ख्रिश्चनांतही डावीकडे नरकच. आम्ही जायचं कुठे?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : अहो, उजवी बाजू मानाची ही त्या काळची दरबारी पद्धत, हाताशी संबंध नाही. उलट मूळ ग्रीकमध्ये इथे डावीला जो शब्द वापरलाय त्याचा शब्दशः अर्थ 'चांगल्या नावाची' असा होतो. अशुभ वाटणाऱ्याला मुद्दाम चांगलं नाव द्यायचं, आपण बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो, जीव घेणाऱ्या रोगाला देवी म्हणतो, तसंच.

आणि बायबलात योनाचं छोटंसं पुस्तक आहे ते जरूर वाचा. निनवे शहर पापात बुडालेलं, योनाला वाटतं देवानं ते जाळावं, आणि देव जाळत नाही म्हणून हा रुसून बसतो. तेव्हा देव त्याला म्हणतो, ज्यांना उजवं कोणतं आणि डावं कोणतं हेही कळत नाही अशी १,२०,००० पेक्षा जास्त माणसं तिथे आहेत, मी त्यांची कीव करू नको काय, आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरंही आहेत. पुस्तक तिथेच संपतं, त्या गुरांवर. म्हार्दोळच्या वाचकांनी एवढं वाक्य आपल्या तिन्ही शेळ्यांना वाचून दाखवावं.